रंगोजी सांबराचा सोनेरी टर्बो

एका जंगलात सगळ्यांकडे गाड्या होत्या. मुलांनो, हसू नका. चार-चार पाय असताना गाडी कशाला, असं तिथे कोणी विचारत नसे. तुमच्या गल्लीत तरी कोण विचारतं?

त्या जंगलात रंगोजी नावाचा सांबर राहत असे. तो सिंहमहाराजांचा सारथी होता. त्याची स्वतःचीही एक तांबडी गाडी होती. शिंगांसाठी तिच्या छताला दोन भोकं पाडलेली होती. आणि बॉनेटखाली होता सोनेरी रंगाचा वाढीव टर्बो.

टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. साधा टर्बो बेताची हवा कोंबतो, वाढीव टर्बो दाबून कोंबतो. रंगोजी घरी आलेल्या पाहुण्यांना चहाआधी टर्बो दाखवी. पाहुणे नको म्हणाले तरी दाखवी.

सारथ्याची नेमणूक दरवर्षी घाटाच्या शर्यतीत होई. जो आपली गाडी सर्वांत आधी माथ्यावर नेईल, तो सारथी. हरलेल्या जुन्या सारथ्याला महाराज मोठ्या प्रेमाने जेवायला बोलावत. जेवून परत आलेला सारथी मात्र अजून कोणी पाहिला नव्हता.

यंदा शर्यतीला चार दिवस उरले आणि रंगोजीच्या गाडीचा दम गेला. चढ लागला की बॉनेटखालून फुस्स असा आवाज येई. दाबाचा काटा जागचा हलत नसे. एक गाढव हॉर्न वाजवत पुढे निघून गेलं, तेव्हा रंगोजीला दरदरून घाम फुटला. त्याला जेवणाचं ताट दिसू लागलं, आणि ताटात कोण आहे तेही.

तो चिंचेखाली गोदाक्का मुंगसिणीकडे गेला. तिच्याकडे एक भाता, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि साबणाच्या पाण्याची बादली होती. भीड मात्र अजिबात नव्हती.

तिने भात्याने टर्बोच्या पाइपात हवा भरली. शेपटी साबणात बुडवून सगळ्या सांध्यांवर फिरवली. एका सांध्यावर भराभर बुडबुडे फुगले.

"इथून हवा जातेय. पाइप आवळणारी क्लिप सैल आहे," गोदाक्का म्हणाली. "चार फेरे आवळते, की लाग वाटेला."

"क्लिप?" रंगोजीचं तोंड उतरलं. "अगं गोदाक्का, एवढ्या मोठ्या गाडीला क्लिपचा आजार? चारचौघांत काय सांगू?"

"आणि हे सोनं कुठून आणलंस रे?" तिने पाइप काढला आणि टर्बोच्या तोंडात पंजा घालून पाहिला. "वाढीव असता तर आत पंजा मोकळा फिरला असता. हा तर अडकतोय. टर्बो साधाच आहे रंग्या. रंग तेवढा वाढीव आहे."

हे फार झालं. रंगोजीने पाइप हिसकावला, होता तसा खुपसला आणि तो तडक मोराकडे गेला.

तुरेकर मोरांचं गॅरेज काचेचं होतं. आत शिरताना खूर पुसावे लागत. सोनेरी टर्बो त्यांनीच बसवला होता. त्यांनी पिसारा फुलवला, डोळे मिटले, गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

"ऊर्ध्ववायुस्तंभ," ते हळूच म्हणाले. "फार वरच्या कुळातल्या गाड्यांनाच होतो."

रंगोजीची छाती फुगली. आजाराचं नाव ऐकूनच त्याला बरं वाटलं.

"सोनेरी काढून निळा बसवू. दोन बोटं मोठा येतो," तुरेकर म्हणाले.

तीन दिवसांनी निळा टर्बो बसला. तो आधीचाच होता, हे तुम्ही ओळखलंत. तुम्ही लहान आहात, म्हणून ओळखलंत. क्लिप मात्र तशीच राहिली. तुरेकरांकडे क्लिपा आवळतच नसत. आवळताना रंग खरवडतो ना!

शर्यतीत लांडगा पहिला आला. तो गोदाक्काकडे जात असे, त्याला लाज नव्हती. पाच गाड्यांत रंगोजी सहावा आला. एक कासव सहज पाय मोकळे करायला निघालं होतं, ते पाचवं.

संध्याकाळी आमंत्रण आलं. आमंत्रण कसलं, महाराज स्वतः गाडी घेऊन न्यायला आले. लांडगा गाडी चालवत होता. मागे महाराज, शेजारी रंगोजी. महाराजांनी मायेने त्याची मांडी दाबून पाहिली. रंगोजीने डोळे मिटून बायकापोरांची नावं घेतली.

महाल घाटमाथ्यावर होता. अर्ध्या चढावर बॉनेटखालून आवाज आला, फुस्स. गाडी थांबली. महाराजांनीही आपली गाडी दसऱ्याला तुरेकरांकडूनच सजवून घेतली होती.

लांडग्याने उतरून पाहिलं. "काही नाही महाराज, क्लिप सैल आहे. आत्ता आवळतो."

"आमच्या गाडीला," महाराज म्हणाले, "क्लिपचा आजार?"

महाराजांचं जेवण तिथेच, रस्त्याच्या कडेला झालं. मग मिशा पुसत ते रंगोजीकडे वळले. "तुला काय वाटतं?"

रंगोजीचं डोकं एव्हाना ताळ्यावर आलं होतं.

"ऊर्ध्ववायुस्तंभ, महाराज. चक्रवर्ती राजांच्याच गाड्यांना होतो. चाळीस दिवस उपचार लागतात."

"चाळीसच?" महाराज हिरमुसले.

"चाळीस राजांना. सम्राटांना ऐंशी. आणि वैद्य एकच लागतो, जिवंत."

महाराज प्रसन्न झाले. ऐंशी दिवस रंगोजीने गाडीभोवती प्रदक्षिणा घातल्या. एक्याऐंशीव्या दिवशी तो दोन सीताफळं घेऊन गुपचूप चिंचेखाली गेला.

"गोदाक्का, तुझंच खरं होतं."

"मग चारचौघांत सांग की."

रंगोजीने इकडेतिकडे पाहिलं, सीताफळं ठेवली आणि मागच्या पायवाटेने निघून गेला. त्याला मनापासून वाईट वाटत होतं. पण हळू चालला मात्र नाही.

परत येऊन त्याने महाराजांच्या गाडीची क्लिप आवळली. चार फेरे हवे होते. त्याने तीनच दिले.

त्यानंतर जंगलात घाटाची शर्यत झाली नाही. वैद्य बदलून कसं चालेल? रंगोजी आता म्हातारा झाला आहे. महाराज त्याला अजून जेवायला बोलावत नाहीत.

तात्पर्य: आजाराचं मूळ नेहमी शोधून काढावं, आणि एक फेरा तिथेच शिल्लक ठेवावा.