मागच्या गल्लीतलं मीटर

आमच्या शेजारचे शरणअप्पा माणसं वॅटमध्ये मोजतात. "जावई चाळीस वॅटचा दिसतोय, बाई," असं त्यांनी माझ्या जावयाच्या तोंडावर सांगितलं होतं. बिचारा त्या दिवशी नीट जेवलाही नाही. मी शाळेत शिकवते, आवाज जरा मोठाच. घरात कुणावर ओरडले की भिंतीपलीकडून लगेच येतं, "लोड वाढला, लोड वाढला." मला अस्सा राग येतो!

कापडाचं दुकान मुलाच्या हवाली केल्यावर अप्पांना हे वेड लागलं. विजेच्या मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकतो ना, त्याच्यावर चिकटवायची एक बिनतारी डबी त्यांनी मागवली. दिवा जितका भराभर लुकलुकेल तितकी वीज जास्त, आणि तो आकडा वायफायवरून थेट अप्पांच्या मोबाइलवर. सिग्नल लांबवर पोचावा म्हणून वायफायची पेटी गच्चीवर, आणि तिच्यावर प्लास्टिकची बादली उपडी. मग काय, लग्न असो की मयत, अप्पांची नजर मोबाइलवर. "माणूस खोटं बोलंल, आकडा बोलत न्हाय," हे ठरलेलं वाक्य. अख्खं उमरगा समजत होतं, अप्पा घरचं बिल राखतात. चिक्कू म्हणूनही बोलून झालं.

यंदा खंडेनवमीच्या सकाळी अप्पा माझ्या दारात उभे.

"बाई, शून्य दाखवतंय."

"लाईट गेली असेल."

"न्हाय. आमचा पंखा चालू हाय."

वायफाय बंद-चालू करून झालं होतं, मोबाइलही झाला होता. पेटीवरची बादलीसुद्धा काढून बघितली होती. "मग डबीची बॅटरी बघा की," मी म्हणाले.

अप्पा उंबऱ्याकडं बघत म्हणाले, "डबी आमच्या घरी न्हाय. अक्काच्या मीटरला हाय."

गंगाअक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण. मागच्या गल्लीत एकट्या राहतात. यजमान गेल्यावर अप्पा त्यांना आपल्या घरी न्यायला गेले, तर त्या म्हणाल्या, माझं घर सोडून कुठं येणार न्हाय. अप्पा रुसले ते रुसलेच. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. डबी मात्र वायरमनला पाठवून, तपासणी आहे असं सांगून, गुपचूप बसवून घेतलेली.

"सकाळी आकडा चढला की कळतं, उठली म्हणून," अप्पा म्हणाले. "आज चढला न्हाय. मला एकट्याला जायला भ्या वाटतंय."

आम्ही जवळजवळ पळतच गेलो. दार सताड उघडं, आणि अक्का पायरीवर झेंडूची माळ ओवत बसलेल्या. ठणठणीत. अप्पा खांबाला धरून तिथंच उभे राहिले.

मी मीटरकडं गेले आणि मला हसू आवरेना. खंडेनवमी म्हणून अक्कांनी शिलाई मशीन पुजलं, विळी पुजली, मीटरही पुजलं. डबी काढून, मीटर स्वच्छ पुसून, नेमकं त्या तांबड्या दिव्यावर जाड हळदीकुंकू लावलं होतं आणि वर डबी परत चिकटवली होती.

अप्पा डबी काढून रुमालानं दिवा पुसत मला म्हणाले, "सांगा तिला, कुंकू जरा बाजूला लावावं."

अक्काही मलाच म्हणाल्या, "सांगा त्याला, देवाला कुणी कडंला गंध लावतं व्हय?"

मी इमानदारीत दोन्हीकडं निरोप पोचवले.

"आता कायतरी चालू करायला सांगा. आकडा येतो का बघू," डबी परत चिकटवत अप्पा म्हणाले.

अक्का आत गेल्या आणि मिक्सर सुरू झाला. मोबाइलवर आकडा चढला. अप्पांनी कान दिला. "रिकामाच फिरतोय ह्यो."

"रोज रिकामाच असतो," अक्का आतून म्हणाल्या. आता मी मध्ये नव्हते. "एकटीला रोज कशाची चटणी लागती? तू तिकडं मोबाइल घेऊन बसतोस, मला काय कळत न्हाय व्हय? उठले हे दिसू दे तुला, म्हणून फिरवते."

अप्पांनी मोबाइल खिशात घातला, चपला काढल्या आणि आत जाऊन चुलीजवळच्या पाटावर बसले.

"अक्का," ते म्हणाले, "च्या टाक."