नैवेद्याचा कोपरा

गिरिजाने आयुष्यात पहिल्यांदा बीफ परतायला घेतलं, तेव्हा आधी तिने स्वयंपाकघराची खिडकी उघडली, मग एक्झॉस्ट लावला, मग नाकाला ओढणी बांधली, आणि शेवटी हॉलमध्ये जाऊन देव्हाऱ्यासमोर ऑफिसातून मिळालेलं मोठं कॅलेंडर आडवं लावून आली. देव्हारा म्हणजे बुकशेल्फचा मधला कप्पा. तीन आठवड्यांपूर्वी वाशिमहून येताना आईने बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा पर्समधून आणले होते आणि ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या या दुसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये पहिल्याच संध्याकाळी त्यांची स्थापना करून टाकली होती. तेव्हापासून घरात जे शिजेल त्यातला घास आधी देवापुढे जायचा. मागच्या आठवड्यात गिरिजाच्या पास्त्यावरसुद्धा तुळशीचं पान पडलं होतं.

परतता परतता ती स्वतःची समजूत घालत होती, की देवाला सगळं कळतं, म्हणजे कारणही कळत असणार. कारण होतं ट्रॅव्हिस. तिच्याच ऑफिसात पाइपलाइनची ड्रॉइंग तपासणारा, सव्वासहा फूट उंच आणि तरीही मान खाली घालून बोलणारा हा टेक्सन मुलगा बाबांना पहिल्या भेटीतच पसंत पडला होता. आईचं मात्र काही कळत नव्हतं. ती नाही म्हणत नव्हती, आणि हो म्हणण्याचं तर नावच नव्हतं. "बघू," एवढंच म्हणायची. आज त्याचे आईवडील जेवायला येणार होते. सकाळी बाबा सहज म्हणून गेले, "व्याह्यांना चहा चालतो का गं?" त्यावर आईने त्यांच्याकडे मान वळवली.

"कोण व्याही? त्या मुलाचे आईवडील म्हणा," ती म्हणाली. बाबांनी चहाचा विषय तिथेच सोडून दिला.

आता जेवायला बीफच कशाला, तर त्यामागे गेल्या सप्टेंबरचं रीटा वादळ होतं. अर्धं ह्यूस्टन गाड्यांत बसून उत्तरेला पळत होतं तेव्हा ट्रॅव्हिसने गिरिजाला आपल्या आईवडिलांच्या गावी नेलं. त्याच्या आईने, डोरिसने, पाहुणीसाठी घरातला सगळ्यात मानाचा पदार्थ केला. मक्याच्या टॉर्टिया म्हणजे पातळ पोळ्या, त्यावर बीफचा खिमा, त्यावर बीन्स, साल्सा आणि चीज, वर पुन्हा टॉर्टिया, असा चार मजल्यांचा मेक्सिकन कॅसेरोल. ट्रॅव्हिसचे वडील अर्ल गाई पाळणारे, तेव्हा खिमाही घरच्याच रँचवरचा. गिरिजाने पोट बिघडल्याचं सांगितलं आणि सगळं जेवण सॅलडची पानं चघळत काढलं. डोरिसबाई त्या कॅसेरोलकडे आणि हिच्या ताटाकडे आळीपाळीने बघत राहिल्या. ते बघणं गिरिजाच्या मनातून दहा महिने गेलं नव्हतं. आपण खाल्लं नाही तरी आपल्या हाताने करून त्यांना वाढायचं, असं तिने ठरवलं आणि रेसिपीही डोरिसबाईंकडूनच मागवली.

बीफ विकत घ्यायला मात्र तिचे पाय त्या काउंटरपर्यंत जाईनात. ट्रॅव्हिस म्हणाला, घरचंच आणतो. आज सकाळी त्याने कसायाकडच्या पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं पुडकं दारातच तिच्या हातात ठेवलं आणि डोळ्यांत न बघता निघून गेला. आत तपकिरी, भुरभुरीत असं काहीतरी निघालं. गिरिजाची कल्पना होती की ते लाल असेल. पण बीफचा आणि तिचा परिचय इतका कमी होता, की शंका घ्यायला लागणारी माहितीही तिच्याकडे नव्हती.

आईबाबा तळ्याकाठी फिरायला गेले होते तेवढ्या वेळात तिने टॅको मसाला घालून ते परतलं, झाकण ठेवलं, आणि डोक्यावरून अंघोळ केली. बाहेर येऊन बघते तर उन्हाला कंटाळून दोघं लवकर परतलेली. बाबा सोफ्यावर पेपरातलं कोडं घेऊन बसले होते आणि आई गॅसपाशी, हातात झाकण घेऊन उभी होती.

"हे कसलं गं?"

"खिमा. पाहुण्यांसाठी एक ट्रे खिम्याचा, आणि आपला राजम्याचा."

"पण कसला खिमा?"

"खिम्याचाच, आई."

"बरं," आई म्हणाली आणि झाकण ठेवून देव्हाऱ्यापुढचं कॅलेंडर बाजूला करायला गेली. ती जराशी हसली असं गिरिजाला वाटलं, पण आपल्या मनात चोर असला की काहीही दिसतं, असं म्हणून तिने तो विचार झटकला. आई जन्मात अंडं न खाल्लेली बाई. घरात, देवासमोर काय शिजलं हे तिला कळलं असतं तर 'बघू'चं 'नाही' व्हायला एक क्षण पुरला असता, आणि तेही ओरडून नाही, गप्प बसून. आईच्या गप्प बसण्याची गिरिजाला लहानपणापासून धास्ती होती.

पाच वाजता दोन्ही ट्रे ओव्हनमधून बाहेर आले. काचेचे, एकाच मापाचे, वर सारखंच चीज. घोटाळा व्हायला नको म्हणून गिरिजाने खिम्याच्या ट्रेवर मधोमध हालापिन्यो मिरचीची चकती ठेवली आणि ती खाली पाहुण्यांच्या पार्किंगचं बघून यायला गेली. दहा मिनिटांनी परत आली तेव्हा दोन्ही ट्रेंवर मधोमध मिरची होती.

"एकावर मिरची आणि दुसरं बोडकं," आई म्हणाली. "त्यांना वाटेल, आपण दुजाभाव केला. मी सारखं करून टाकलं. आणि नैवेद्य दाखवलाय बरं का."

डावीकडच्या ट्रेचा एक कोपरा चौकोनी कापून काढलेला होता.

"कुठल्यातला दाखवलास?"

"पाहुण्यांच्या ताटात जायचं त्यातला. आधी देव, मग पाहुणे." एवढं बोलून आई साडी बदलायला आत गेली.

गिरिजाने वाकून त्या कापलेल्या कोपऱ्यात पाहिलं. आत तपकिरी थर स्पष्ट दिसत होता. ती तशीच हॉलमध्ये धावली. बाळकृष्णापुढे चांदीची वाटी, वाटीत चार थरांचा टुमदार तुकडा, त्यावर तुळशीचं पान. बाळकृष्ण नेहमीसारखाच रांगत होता. आणि हे इथेच संपणार नव्हतं. आईची रीत अशी की नैवेद्याचा घास नंतर जेवणात मिसळायचा. ती तो राजम्याच्या ट्रेमध्ये मिसळणार आणि पहिला घास स्वतः घेणार.

तुकडा काढून टाकायला हवा होता, पण टाकणार कुठे? कचऱ्याच्या डब्यापर्यंत जाऊन ती परत आली. बीफ असलं तरी वर तुळशीचं पान होतं. नैवेद्य डब्यात टाकायला तिचा हात धजेना. तिने एकदा देवाकडे पाहिलं, मनातल्या मनात माफी मागितली, डोळे मिटले आणि तो आख्खा तुकडा तोंडात घातला.

"अगं, पाहुणे यायचेत अजून," सोफ्यावरून बाबा म्हणाले. "देवापुढचं काय खातेस?"

"भूक लागली, बाबा," ती भरल्या तोंडाने म्हणाली. घास गिळता गिळता तिला वाटलं, ही चव आपल्या ओळखीची आहे, कुठली ते मात्र आठवेना. विचार करायला वेळ नव्हता. तिने उजवीकडच्या ट्रेचा कोपरा कापला, राजम्याचा तुकडा वाटीत ठेवला, त्यावर तेच पान ठेवलं, आणि तेवढ्यात बेल वाजली.

डोरिसबाईंनी आल्या आल्या गिरिजाला मिठी मारली. अर्ल दारातच हॅट काढून उभे राहिले आणि बाबांचा हात हातात घेऊन इतका वेळ हलवत राहिले की बाबांनी दुसरा हात पाठीमागे लपवला. थोड्याच वेळात दोघांचं पावसापाण्यावर बोलणं सुरू झालं. शेतीच्या गोष्टींना भाषा फारशी लागत नाही. बाबा त्यांना अर्लराव म्हणू लागले आणि त्यांनाही ते चाललं.

जेवायला बसल्यावर पहिला घास खाऊन अर्ल थांबले.

"ही आपलीच गाय," ते बायकोला म्हणाले. "चाळीस वर्षं झाली मला गाई पाळून, आपलं बीफ मी डोळे मिटून ओळखतो." आणि त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ट्रॅव्हिसला ठसका लागला. डोरिसबाई पाण्याचा ग्लास बराच वेळ तोंडाला लावून बसल्या. गिरिजाला मात्र त्या क्षणी इतका आनंद झाला होता की तिला यातलं काही खटकलं नाही. दहा महिन्यांचं ओझं उतरलं होतं. दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं संपवून अर्ल ट्रकमध्ये राहिलेला आइस्क्रीमचा कूलर आणायला खाली गेले.

आणि नेमका तेव्हा आईने मोठा चमचा उचलला. राजम्याच्या ट्रेवरून तिचा हात पुढे गेला आणि डावीकडच्या ट्रेमध्ये, खिम्याच्या थरात, आत शिरला.

"आई, थांब," गिरिजा म्हणाली. "त्यात बीफ आहे."

बाबांच्या हातातला घास ताटात पडला. ट्रॅव्हिसला मराठी येत नव्हती, पण तो एक शब्द त्याला समजला आणि तो छताकडे बघू लागला. गिरिजाला वाटलं, संपलं. आता आई गप्प बसणार.

पण आईने तुकडा आरामात ताटात वाढून घेतला.

"बीफ कसलं? वाशिमच्या बाईला सोयाबीन कळत नाही होय? तुझ्या मोहनकाकाच्या शेतात दुसरं होतं काय! लहानपणी तुला याच्याच वड्या करून घालत होते मी." तिने एक घास खाल्ला. "मला सकाळीच कळलं. वाटलं, पोरगी या लोकांना खिमा म्हणून सोयाबीन खाऊ घालतेय. फसवतेयस खरी, पण चांगल्यासाठी, म्हणून गप्प बसले. नाहीतर नैवेद्य दाखवला असता का मी?"

गिरिजाने ट्रॅव्हिसकडे पाहिलं. ट्रॅव्हिसने त्याच्या आईकडे पाहिलं. डोरिसबाईंनी ग्लास खाली ठेवला आणि गिरिजाच्या हातावर हात ठेवला.

"मी पाठवलं ते," त्या म्हणाल्या. "वादळात तू पोट दुखतंय म्हणालीस आणि तीन वाट्या सॅलड खाल्लंस, तेव्हाच माझ्या लक्षात आलं. मी तुला आधी विचारायला हवं होतं, याचं मला फार वाईट वाटलं. मग रेसिपी मागितलीस. तुझ्या आईच्या डोळ्यांदेखत, तिच्या देवासमोर माझ्यासाठी गाय शिजायला नको, म्हणून मी ते सोयाबीन आमच्या कागदात बांधून दिलं. तुला सांगितलं असतं तर तू हट्टाने खरं आणलं असतंस."

गिरिजाला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. सोयाबीनसाठी तिने देवापुढे कॅलेंडर लावलं होतं, डोक्यावरून अंघोळ केली होती आणि देवाच्या तोंडचा घास पळवला होता. शेवटची गोष्ट तिला कबूल करावीच लागली, कारण राजम्याचा कोपरा कुणी नेला हे आईने विचारलंच.

मग आई बाबांकडे वळली. "त्या काय म्हणाल्या ते नीट सांगा."

बाबांनी सांगितलं. आईने त्यांना 'तुझ्या आईच्या देवासमोर' हा भाग पुन्हा सांगायला लावला. ऐकताना ती डोरिसबाईंकडेच बघत होती. सांगून झाल्यावर तिने राजम्याचा ट्रे त्यांच्याकडे सरकवला आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या ताटात वाढलं.

जिन्यात बुटांचा आवाज आला. "अर्लला सांगू नका," डोरिसबाई घाईघाईने म्हणाल्या. "त्याने घरात कधी सोयाबीन येऊ दिलं नाही. रात्रभर झोपणार नाही."

अर्ल कूलर ठेवून पुन्हा खुर्चीत बसले. त्यांनी रिकामं ताट पुढे केलं आणि म्हणाले, असं बीफ त्यांच्या आईच्या मागे कुणी केलं नव्हतं, आणि ज्या मुलीला गाईची इतकी कदर आहे तिला नाही म्हणायची त्यांची हिंमत नाही.

बाबांनी खालच्या आवाजात भाषांतर केलं. आईने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग पदर खोचला.

"गिरिजा," ती म्हणाली, "व्याह्यांना अजून एक तुकडा वाढ. मोठा बघून दे."

गिरिजाच्या हातातला चमचा तसाच राहिला. बाबांनी आधी आईकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि सकाळपासून अडकून पडलेला प्रश्न लगेच विचारून टाकला.

"आणि चहा?"

"जेवण झाल्यावर," आई म्हणाली. "आलं घालून."