नानांचा गुडघा आणि विहिरीवरची केळ

चुडामण नानांचा डावा गुडघा धरला. गुडघा नानांचा, पण दुखणं मात्र सुनेनं आणि बायकोनं आपसांत वाटून घेतलं.

सून समीक्षा फैजपुरात औषधांच्या दुकानात बसायची. ती गोळ्यांची पट्टी घेऊन आली. “नाना, तुमच्यात डी जीवनसत्त्व नावालाच उरलंय. रोज सकाळी एक.”

कोकिळाबाई साक्रीकडच्या. तिकडच्या बाजारातल्या औषधी मुळ्यांचा काढा चुलीवर चढला, की शेजारची मांजर घर सोडून जायची. “मना माहेरना काढा शे. गुमान पी ल्या. बठ्ठं दुखणं पळी जाई!”

“दोन्ही घेतो ना मी,” नाना म्हणाले.

“मुळीच नाही,” समीक्षा म्हणाली. “मग गुण कशाचा आला ते कळणार कसं?”

“हाई खरं बोलनी ती,” कोकिळाबाई म्हणाल्या. सासू-सुनेचं वर्षात पहिल्यांदा एकमत झालं, आणि त्यात नाना बुडाले.

चाळीस वर्षांत त्यांनी बायकोचं मन मोडलं नव्हतं, आणि सून तर लेकीच्या जागी. एकीचं घ्यावं तर दुसरी दुखावणार. ते दोघींनाही एकेकटीला गाठून म्हणाले, “तुझंच घेतो, मळ्यात जाता जाता.” एका खिशात गोळी, हातात झाकणाचा पेला. मुलाच्या गाडीवर बसलं तर तो बघेल, म्हणून मैलभर पायीच निघाले.

विहिरीच्या कडेला एक केळ होती. नानांच्या आईनं, ताईबाईनं, लावलेली. ती पहिली केव्हाच गेली, पण तिच्या बुंध्याशी फुटलेलं पिल, त्या पिलाचं पिल, असा केळीच्या पोटी केळीचा वंश जागा न सोडता चालला होता. बागेतला माल व्यापाऱ्याचा, ही केळ मायची. नाना मनातलं तिलाच सांगत. त्यांनी गोळी बोटानं आळ्यात टोबली, वर वाफाळता काढा ओतला.

“घे माय. तुले काय फरक पडते?”

हे रोज चाललं. संक्रांतीला नाना पाटावर मांडी घालून जेवले आणि भिंतीला हात न लावता उठले.

“देखा! काढा!” कोकिळाबाई ओरडल्या.

“आई, गोळी आहे ती! नाना, खरं सांगा, काय घेतलं?”

नानांना खोटं बोलता येत नसे. “जे दिलं, ते रोजच्या रोज संपलं,” ते म्हणाले.

दोघींनीही ते आपल्या बाजूनं ऐकलं. रोजच्या दोन मैल चालण्याचं आणि कोवळ्या उन्हाचं नाव कुणीच काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दोन गोळ्या झाल्या, पेला मोठा झाला.

आठवड्यानं ठिबकच्या नळ्या बघणारा जीवराम ओट्यावर येऊन उभा राहिला.

“नाना, विहिरीवरची केळ गेल्यातच जमा. पानं पिवळी, पिलही मान टाकून राह्यलं. मायची केळ ती, काही तरी करा!”

नानांच्या हातातली भाकरी हातातच राहिली. कोकिळाबाईंचा पळी धरलेला हात थांबला. सासूची केळ!

समीक्षानं जीवरामच्या मोबाइलमधला फोटो मोठा करून पाहिला. “कसली तरी कमतरता दिसतेय. गोळी विरघळवून घातली तर?”

“काढा बी घाला. जठे माणूस उठनं, तठे झाड का नही उठाव?”

“दोन्ही घालू आई.”

“हा, दोन्ही! केळ मायनी शे. आते भांडणं नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींनी केळीसाठी पेला आणि गोळ्या नानांच्या हातात दिल्या. “रोज तिकडे जाताच ना तुम्ही? रोजच्या रोज संपवा.”

नाना विहिरीवर आले. पिवळ्या पानांखाली पिलाचं एक हिरवं टोक अजून तग धरून होतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. चारी बाजूंना केळीच केळी. ओतायचं तरी कुणाच्या मुळाशी? आणि संध्याकाळी दोघी विचारणार, संपलं का?

“महिनाभर तू सोसलं, माय,” ते म्हणाले. “आता माही पाळी.”

गोळ्या जिभेवर ठेवून, डोळे मिटून त्यांनी पेला तोंडाला लावला. अंगावर काटा आला, कानापर्यंत कडू झालं.

केळीनं मात्र महिनाभरात एकदाही तोंड वाकडं केलं नव्हतं.