बधिर जिभांचं प्रकरण

दाजी स्वतःची ओळख करून द्यायला लागले की ऐकणाऱ्याने टेकायला भिंत बघावी. त्या दिवशी समोरचे पाचही जण हॉस्पिटलच्या खाटांवर आडवेच होते, त्यामुळे दाजींना रान मोकळं मिळालं.

“मी खासगी गुप्तहेर. माझ्या नजरेतून काही सुटत नाही. अंतर्ज्ञान, बहिर्ज्ञान आणि सामान्यज्ञान या तिन्हींचा संगम म्हणजे मी. गुन्हेगार मला बघून पळत नाहीत, कारण मी त्यांना दिसतच नाही.”

“दाजी, तुमचा पाय सलाइनच्या नळीवर आहे,” मेहुणा हळूच म्हणाला.

मेहुणा म्हणजे दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी चार दिवस राहायला म्हणून आला होता. पाचव्या दिवशी दाजींनी त्याला सहायक नेमून टाकलं. त्याची ताई याच हॉस्पिटलात नर्स होती, आणि सकाळी घरी तिच्या तोंडून या पाच जणांची बातमी निसटली, ही तिची चूक.

पाचही जण होड्या दुरुस्त करणाऱ्या कारखान्यातले. आदल्या दुपारी धक्क्यावरच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी शिंपले खाल्ले आणि अर्ध्या तासात त्यांच्या ओठांना मुंग्या आल्या.

“मुंग्या?” दाजींनी भिंग काढलं. “कुठे आहेत?”

“तशा नव्हेत हो,” पहिल्या खाटेवरचा सुतार जड जिभेने म्हणाला. “बधिर झालेत. बोटंसुद्धा.” शेजारच्या खाटेवरच्या रंगाऱ्याला तर ऑक्सिजन लावला होता. त्याची बायको उशाशी बसून नुसती त्याच्या छातीकडे बघत होती, वर होते की नाही ते. मेहुण्याला तिथून नजर काढवेना.

बाहेर व्हरांड्यात दाजींनी निष्कर्ष काढला. “जीभ बधिर. म्हणजे या पाच जणांना काहीतरी बोलायचं होतं, आणि कुणाला तरी ते नको होतं.”

कारखान्याशेजारीच दातांचा दवाखाना होता. हिरड्या बधिर करायचं औषध तिथून चोरीला गेलं असणार, असं दाजींनी दारातच जाहीर केलं. डॉक्टरीणबाई हसल्या. “एका बाटलीचंही झाकण उघडलेलं नाही,” म्हणाल्या. दाजींनी वहीत लिहिलं: संशयास्पद हसते, दात फार चांगले आहेत.

कॅन्टीनच्या स्वयंपाकघरात आचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“पश्चात्ताप,” दाजी मेहुण्याच्या कानात पुटपुटले.

“कांदा,” आचारी न वळता म्हणाला. “आणि शिंपले मी चांगले खळखळ उकळले होते. वासही ताजा होता.”

उरलेले शिंपले पातेल्यात तसेच होते. दाजींनी खिशातून चांदीचा चमचा काढला. विष असलं तर चांदी काळी पडते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. कुणी ते त्यांना आठवत नव्हतं. पाच मिनिटं चमचा बुडवून ठेवला. तो जास्तच चकचकीत निघाला.

“शिंपले निर्दोष आहेत,” दाजी म्हणाले. “आता फक्त मानवी पुरावा हवा.” आणि त्यांनी एक शिंपला मेहुण्यापुढे धरला.

मेहुण्याला रंगाऱ्याची बायको आठवली. पण दोन वर्षांची सवय वाईट. त्याचा हात पुढे गेलाच.

“खाली ठेव ते.”

दारात ताई उभी होती, ड्युटीच्याच कपड्यांत. तिच्यामागे शिंपलेवाली मावशी होती, रडून डोळे सुजलेली. सकाळपासून लोक तिच्या टोपलीवर थुंकून जात होते.

“हे विष कुणी घातलेलं नाही,” ताई म्हणाली. “समुद्रात विषारी शेवाळ वाढतं, शिंपले तेच पाणी गाळून जगतात, आणि विष त्यांच्यात साठतं. वास येत नाही, चव बदलत नाही, उकळून जात नाही. चांदी तर त्याला ओळखतही नाही.”

“मग मला कसं कळावं?” मावशी म्हणाली. “वीस वर्षं विकतेय. मत्स्य खात्याने धक्क्यावरच्या फळ्यावर कागद लावला की आम्ही पाण्यात पायसुद्धा घालत नाही. यंदा कागद लागलाच नाही.”

“लागला होता,” ताई म्हणाली. “खात्याला फोन केला, मग जाऊन फळा खरवडला.” तिने ओला, चुरगळलेला कागद टेबलावर पसरला. त्यावर ठळक अक्षरांत होतं: खाडीतले शिंपले पुढील सूचनेपर्यंत काढू, विकू अथवा खाऊ नयेत. कागदाच्या वर अजून अर्धवट चिकटलेली दाजींची जाहिरात होती: लपलेलं सारं उघड करून मिळेल.

जागा दाजींनी दाखवली होती. चारही कोपऱ्यांना डिंक मेहुण्याने लावला होता, आणि मधोमध थोडा जास्तच. त्याने हातातला शिंपला पातेल्यात टाकला आणि वर झाकण ठेवलं.

दाजींनी कुठलाही निष्कर्ष न काढता सूचना शेवटपर्यंत वाचली. लग्नानंतर ताईने हे पहिल्यांदाच बघितलं. मग त्यांनी वही उघडून लिहिलं: गुन्हेगार सापडला. उंची मध्यम, चेहरा प्रामाणिक, बुद्धी बेताची. वही मिटून ते मावशीपुढे गेले. “मावशी, चूक माझी. लोकांना मी सांगतो.”

तिसऱ्या दिवशी रंगाऱ्याचा ऑक्सिजन काढला. बायकोने पाणी पाजलं तर तो म्हणाला, “गार आहे.” ओठांना कळायला लागलं होतं. मेहुणा व्हरांड्यात जाऊन रडला.

दाजी रोज सकाळपासून धक्क्यावर उभे राहायचे, हातात सूचना घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवत. शेजारी मावशी रिकामी टोपली पालथी घालून बसायची आणि वाचताना ते चुकले की दुरुस्त करायची.

“पाणी कधी साफ होणार?” एक आजोबा विचारून गेले.

दाजींनी भिंग काढलं, वाकून पाण्यात बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, “ते प्रयोगशाळा सांगेल. मला विचारू नका.”

“आता जमायला लागलं हो तुम्हाला,” मावशी म्हणाली.