पिठातली पावलं

"आई, अगदी निर्धास्त राहा, मशीन आमच्याच कंपनीचं आहे," असं म्हणून जावयाने सासूबाईंचा कोट धुवायला टाकला. घरातली संकटं बहुधा अशाच वाक्यांनी सुरू होतात.

संध्याकाळी सासूबाईंचा निरोप समारंभ होता. मुख्याध्यापिका म्हणून शेवटचं भाषण आणि त्यासाठी जपून ठेवलेला हा एकुलता एक लोकरीचा कोट. जावई मशीनच्या आतला प्रोग्राम लिहायचा. त्या प्रोग्रामला दिलेली कामाची जागा, म्हणजे स्टॅक, पुरते की नाही हे त्याला आजच साहेबांना सांगायचं होतं.

"पण मोजणार कसं?" बायकोने विचारलं.

"सोप्पं आहे गं! उंदीर कुठवर येतो ते बघायला फरशीवर पीठ पसरावं, तसं सगळ्या जागेत एकच आकडा भरून ठेवायचा. प्रोग्राम जाईल तिथला आकडा पुसला जाणार. पावलं बघितली की झालं!"

त्याने लॅपटॉप जोडला, थंड पाण्याचं बटण दाबलं. थोड्या वेळाने पडद्यावर आकडे आले आणि त्याचा चेहराच उतरला. पीठ पार भिंतीपर्यंत तुडवलेलं!

"अशक्य! निम्मी जागा तरी रिकामी हवी होती!"

घाबरलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. त्याने मोजणी आणखी बारकाईची केली आणि नवा प्रोग्राम चढवला. मशीन थरथरलं, बंद पडलं, आपोआप सुरू झालं, परत बंद पडलं.

"अरे, काचेवर वाफ कसली?" बायको किंचाळली.

बाप रे! दर वेळी सुरू होताना मशीन थंड पाणी विसरत होतं आणि नेहमीचं कढत पाणी घेत होतं. त्याने धावत जाऊन प्लग उपटला. दार उघडेना. आत पाणी असेपर्यंत कुलूप निघत नाही आणि पाणी सोडणार कोण, तर तोच प्रोग्राम!

"माझा कोट आत शिजतोय आणि तुम्ही मोजताय काय?" सासूबाई कडाडल्या.

घामाघूम होऊन तो आपलाच कोड वाचू लागला आणि एका ओळीवर थिजला. साहेबांसाठी आकड्यांचा सुबक तक्ता करायला त्याने भलीमोठी जागा घेतली होती, आणि तीही त्याच स्टॅकमधून; मोजणी बारकाईची केल्यावर तक्ता आणखी फुगला आणि मशीनला जागाच उरली नाही.

"अगं, उंदीर बिचारा अर्ध्यावरच थांबला होता," तो कसाबसा म्हणाला. "पुढची पावलं माझी आहेत. मोजायला म्हणून मीच पिठात शिरलो!"

प्लग परत लावून मोजणी काढून टाकताच मशीन शहाण्यासारखं चाललं. पाणी गेलं, दार उघडलं, कोट बाहेर आला. सासूबाईंनी हात घातला. बाही कोपरावरच संपली.

तेवढ्यात साहेबांचा फोन. "काय रे, जागा पुरते ना?"

"पुरते साहेब," जावई बाहीकडे बघत म्हणाला. "मोजली नाही तर."

सासूबाईंनी लेकीचा कोट अंगात चढवला आणि आपला त्याच्या हातात दिला.

"नातीला होईल बहुतेक," दारातून त्या म्हणाल्या. "नुसता घालून बघा, जावईबापू. मोजायला जाऊ नका."