दांडगे सरांचे महासंघ

दांडगे सरांच्या हाती चहाचा कप लागू द्यायचा नाही, असा आमच्या स्टाफरूमचा अलिखित नियम होता. कारण हातात आलेला कप सरांना कप वाटायचाच नाही. त्यांना तो शिक्षकांचा आंतरराष्ट्रीय महासंघ वाटायचा.

"हे बघ," म्हणत ते माझाही कप ओढून घेत. "मोठी लढाई संपली. मुलखामुलखांतले मास्तर म्हणले, एक होऊ. झाले, अन् लगेच फाटले! हा रशियाच्या बाजूचा. हा अमेरिकेच्या. आन् ही बशी…" बशी हमखास पीटीच्या खरात सरांची असे. "ही दोघांतबी नाय. समेट करून ऱ्हायली."

"सर, तिच्यातला चहा पिऊ का?"

"समेट फिसकटंल ना खरात!"

समेट होईपर्यंत चिकलठाण्याच्या कारखान्याचा भोंगा वाजे, तासाची घंटा होई, आणि जगातल्या तमाम महासंघांवर साय धरलेली असे.

सर मूळचे देवगाव रंगारीचे, निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. आमच्या शिक्षक संघाची बैठक शाळेच्या गळक्या छपरासाठी भरलेली असली, तरी सर आधी उभे राहून ठराव मांडत, "दुनियेतल्या तमाम मास्तरांना आमचा सलाम!" लेणी पाहायला निघालेली शाळेची सहल फर्दापूरला थांबली, तेव्हा एका गोऱ्या पाहुण्याला गाठून त्यांनी मोठमोठ्या हातवाऱ्यांनी विचारलं, तुमच्याकडचे मास्तर कुठल्या महासंघात? पाहुण्यानं घाबरून त्यांना एक केळं दिलं.

आम्ही हसायचो. सगळ्यात मोठ्यानं मी.

मग माझी पाळी आली. आमच्या संस्थेत नोकरी देतानाच राजीनामा लिहून घेत. खाली सही आपली, तारखेची जागा कोरी. सचिवांच्या पुतण्याला मी गणितात नापास केलं आणि सोमवारी त्या कोऱ्या जागेत तारीख आली. माझ्या लग्नाला तीन महिने झाले होते.

स्टाफरूममध्ये एकदम सगळ्यांनाच वह्या तपासायची घाई झाली. सर मात्र उठले.

"इस्तिफा तू दिला?"

"नाही सर."

"मंग चल. ज्याला यायचं त्यानं या."

आणि निघालेसुद्धा. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते, आणि पेन्शनच्या कागदांवर याच सचिवांची सही लागणार होती. मी मागे निघालो. पाठीमागे खुर्च्या सरकल्याचे आवाज आले.

"साहेब," सर सचिवांना म्हणाले, "हा एकटा नाय. ह्याच्या मागं दुनियेतले मास्तर हायेत."

सचिवांनी त्यांच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. दुनिया नव्हती, पण अख्खी स्टाफरूम होती. खरात सर तर शिट्टी तोंडात धरून उभे होते, आता वाजवतील की काय अशा बेतानं. बिनमास्तरांच्या वर्गांतून पोरांनी शाळा डोक्यावर घेतली होती. सचिवांनी तो गोंगाट जरा वेळ ऐकला आणि माझा राजीनामा टेबलावरून माझ्याकडे सरकवला. मी तो तिथंच फाडला. सर वळेपर्यंत दारातली मंडळी आपापल्या वर्गांकडे पळालीसुद्धा. त्या नोकरीवर माझी दोन मुलं शिकली.

संध्याकाळी मी पेढे घेऊन सरांकडे गेलो. घरात ते एकटेच असत.

"सर, भीती नाही वाटली?"

"लई वाटली." पेढा त्यांच्या हातातच राहिला. "पोलीस ॲक्शननंतरची गोष्ट. पहिलीच शाळा. माझ्या इस्तिफ्यावर अशीच तारीख पडली. दारातून मागं वळून पाह्यलं, तर एकाची मान वर नाय. तवापासून पेपरात, रेडिओवर धुंडतोय बाबा, कुठं तरी मास्तर मास्तरासाठी उठतो का."

मी पेढ्यांचा पुडा मिटून बाजूला ठेवला.

"आज वळून पाह्यची हिंमत नाय झाली," ते हळूच म्हणाले. "मागं कोण कोण होतं रे?"

मी एकेकाचं नाव घेतलं. कुलकर्णीबाई, खरात सर, शेख सर, चित्रकलेचे मोरे, सगळे. सर डोळे मिटून ऐकत होते.

"पुन्यांदा सांग," ते म्हणाले. "सावकाश."