अध्यक्ष महाराज, मी हरलो!

साळुंके काकांना बोलायला विषय लागत नाही, अध्यक्ष लागतो.

समोर दहा माणसं असोत की एक, काका आधी अध्यक्ष नेमणार आणि मगच तोंड उघडणार. भाजीवाली गाडी घेऊन आली की हे गेटावरूनच सुरू, "बाई, आजच्या तुम्ही अध्यक्ष. तर अध्यक्ष महाराज, कोथिंबिरीचा भाव सरकारनं ठरवावा की बाजारानं?" ती बिचारी म्हणते, "काका, जुडी घ्यायची का न्हाई ते सांगा." एकदा दाढ काढायला गेले, तर आ वासलेल्या तोंडानं दाताच्या डॉक्टरला अध्यक्ष करून मोकळे! कॉलेजात असताना वादविवाद स्पर्धेत त्यांनी म्हणे ढाल पटकावली होती. तेव्हा जे स्टेजवर चढले, ते अजून खाली उतरलेले नाहीत.

आमच्या गल्लीचा कायमचा अध्यक्ष मात्र मी. माझा गुन्हा इतकाच, की सिडकोत माझं झेरॉक्सचं दुकान हबीबभाईंच्या कूलरच्या दुकानाला लागून आहे आणि काकांचा रोजचा अड्डा हबीबभाईंच्या ओट्यावर. एकाची भांडवलशाही, दुसऱ्याचा समाजवाद आणि मधे मी, आधार कार्डाच्या झेरॉक्स काढतोय. आता तर माझी बायकोसुद्धा "अध्यक्ष, दळण आणता का?" असं विचारते.

गंमत बघा. काका भांडवलशाहीचे कट्टर भक्त. "सरकारनं बाजूला व्हावं! माणसाला मोकळं सोडा!" हे त्यांचं पालुपद. आणि हे गृहस्थ जन्मभर सरकारी कचेरीत चिकटलेले, आता पेन्शनवर. त्यांच्या आयुष्यात बाजार आला तो फक्त पिशवी घेऊन. उलट हबीबभाई पक्के दुकानदार. स्वतः पत्रा कापून, वाळ्याची खस भरून कूलर बनवले, धंदा वाढवला, पण बोलायला लागले की समाजवाद. "सब कू बराबर मिलना, मियाँ. पानी, दवा, इस्कूल, सब कू बराबर." आणि हेच हबीबभाई गिऱ्हाइकानं भाव कमी करायला सांगितला की तोंड फिरवून पंखा पुसत बसायचे.

पेन्शनच्या दिवशी काका बँकेतून आले रे आले, की हबीबभाई ओट्यावरून हाक मारणार, "आओ मियाँ! सरकार का निवाला खाके सरकार कू गाली देनेवाले, आओ!" काका उसळायचे. "अध्यक्ष महाराज, हा वैयक्तिक हल्ला आहे! नोंद घ्या!" मी नोंद घेतो म्हणायचो आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं रेशन कार्ड मशिनवर ठेवायचो.

सगळ्यात जंगी सामना नळाच्या दिवशी. आमच्याकडं पाणी रोज येत नाही. येतं तेव्हा सगळी गल्ली बादल्या, पाइप, ड्रम घेऊन लढाईला उतरते. काकांचं म्हणणं, ज्याची मोटर दमदार त्याचं पाणी, ते त्याचं स्वातंत्र्य. हबीबभाईंचं म्हणणं, मोटरी बंद करा, बारी लावा. एकदा दोघांची इतकी जुंपली, इतकी जुंपली, की नळ गेला तेव्हा दोघांच्याही टाक्या कोरड्या ठणठणीत! मग दोघंही माझ्याकडून घागर घागर पाणी घेऊन गेले. मी विचारलं, ही भांडवलशाही झाली की समाजवाद? तर दोघंही एका सुरात माझ्यावरच खेकसले, "अध्यक्षांनी मत द्यायचं नसतं!"

हबीबभाईंचा हुकमी एक्का एकच. काकांनी अर्धा तास घसा फोडून भाषण ठोकायचं, टाळीची वाट बघत थांबायचं आणि हबीबभाईंनी चहाची बशी खाली ठेवून शांतपणे म्हणायचं, "सरासर गलत." बस, एवढंच. काका असे चिडायचे की कानाच्या पाळ्या लाल. "मुद्दा सांगा, मुद्दा!" हबीबभाई मुद्दा उद्यावर ढकलायचे, म्हणून काका उद्या परत हजर.

काकू गेल्यापासून तर काकांचा तो ओटाच घर झाला होता. मुलगा हैदराबादला. घरी हे एकटे, मनात येईल तेव्हा उठायचं, मनात येईल ते खायचं. "बघ दिगंबर, याला म्हणतात स्वातंत्र्य," असं मला ऐकवायचे.

यंदा ऐन उन्हाळ्यात, कूलरच्या भर सीझनात, हबीबभाईंना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, हातपाय हळूहळू हलायला लागले, पण वाचा गेली. घाटीच्या सरकारी इस्पितळाबाजूच्या दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, गळा ठीक आहे, जीभ ठीक आहे, यांना बोलतं करा, जितका उशीर होईल तितकं अवघड. बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम यायच्या. चित्रं दाखवायच्या. हे काय आहे? केळं. म्हणा, केळं. ज्या माणसानं जन्मभर जगाचा न्यायनिवाडा केला, त्यानं केळं म्हणायचं? हबीबभाईंनी भिंतीकडं तोंड केलं ते केलंच.

गल्ली भेटायला जायची. सगळे गोड बोलायचे. "सब अच्छा होगा भाई, तुम बोलते वो सब सही था." हबीबभाई डोळे मिटून घ्यायचे. त्यांच्या घरवाली रझियाभाभी बाहेर येऊन पदरात तोंड खुपसायच्या.

काका ते बघून तणतणत माझ्या दुकानात आले. "अरे, जो येतो तो हो ला हो करतोय! मग माणसानं तोंड उघडायचं कशाला? चल, ऊठ. शटर ओढ. अध्यक्ष पाहिजे."

काका हबीबभाईंच्या घरी गेले, पलंगाशी उभे राहिले, छाती पुढं काढली आणि भांडवलशाहीवर असं भाषण ठोकलं की शेजारच्या खिडकीत बाया जमल्या. रझियाभाभी दारात हात जोडून उभ्या. "भाईजान, आहिस्ता." हबीबभाई ढिम्म. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या की पाचव्या दिवशी काका परत येताना एकदम गप्प होते. मला वाटलं, संपलं. काका हरले.

कसले हरतात! दुसऱ्या दिवशी पलंगाशी उभे राहून म्हणाले, "अध्यक्ष महाराज, मी रात्रभर विचार केला. हबीबभाईंचं बरोबर आहे. आजपासून मी समाजवादी."

हबीबभाईंनी डोळे उघडले.

"समाजवाद म्हणजे काय?" काका चढत्या आवाजात. "समाजवाद म्हणजे सगळ्यांच्या चपला एकाच मापाच्या! मोठा पाय असेल त्यानं बोटं दुमडायची!"

आईशप्पथ सांगतो, हबीबभाईंच्या भिवया वर गेल्या. काकांनी ते बरोबर टिपलं. त्या दिवसापासून रोज काकांनी समाजवादाची जी काही वाट लावली! समाजवादात सगळ्या गल्लीनं एकाच ताटात जेवायचं. समाजवादात लग्नाला नवरदेव चिठ्ठी टाकून ठरवायचा. मला हसू आवरेना, पण अध्यक्ष हसला तर काका डोळे वटारायचे. हबीबभाईंचा श्वास जोरात चालायचा, बोटं चादर पकडायची, ओठ थरथरायचे. आवाज मात्र नाही.

आणि मग तो दिवस आला. ऊन मी म्हणत होतं. खोलीत हबीबभाईंच्याच हातचा कूलर घरघरत होता. काकांनी त्याच्याकडं बोट दाखवलं.

"अध्यक्ष महाराज, खरा समाजवादी असता तर या माणसानं कूलरला खस लावली असती का? खस म्हणजे चैन! श्रीमंतांचे लाड! समाजवादी कूलरला रद्दी पेपर चिकटवायचा आणि गरम हवा सगळ्यांना बराबर वाटायची!"

समाजवादाचा अपमान सोसला होता, हा कूलरचा होता. हबीबभाईंचा चेहरा तापला. कोपरावर जोर देऊन ते अर्धे उठले.

"स... सर..."

रझियाभाभींच्या हातातला पेला तिथंच थांबला. काका वाकले. "काय म्हणालात? मोठ्यानं! अध्यक्षांना ऐकू नाही आलं!"

"सरा... सर..." मानेच्या शिरा ताठ झाल्या. "ग... गलत! सरासर गलत!"

काय सांगू तुम्हाला! काकांनी दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली, की निवडणूक जिंकल्यावर कुणी ठोकली नसेल. "हरलो! अध्यक्ष महाराज, मी हरलो! निकाल द्या! जाहीर करा!" मी पलंगाशेजारच्या स्टुलावर उभा राहून निकाल जाहीर केला, सर्वानुमते हबीबभाई विजयी. रझियाभाभी हसत होत्या, रडत होत्या, "या अल्लाह" म्हणत काकांच्या डोक्यावरून हात ओवाळत बोटं मोडत होत्या. खिडकीतल्या बायांनी टाळ्या पिटल्या. आणि हबीबभाई? त्यांना थांबवता येईना. चहा आणला, "गलत." उशी दिली, "गलत." तोंडभर हसत होते आणि म्हणत होते, "गलत, गलत!"

काका तडक गुलमंडीच्या बाजारात गेले आणि मावा जिलबीचे पुडे घेऊन आले. जो माणूस देवळातला प्रसादसुद्धा "फुकटाची सवय वाईट" म्हणून पेटीत काही टाकल्याशिवाय घेत नाही, तो घरोघर जिलबी वाटत सुटला. भाजीवाली म्हणाली, "काका, फुकट?" काका म्हणाले, "हो बाई, फुकट! सगळ्यांना बराबर! घ्या!"

दिवेलागणीला मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो. चेष्टेनं म्हटलं, "काका, आयुष्यात पहिल्यांदा हरलात तुम्ही. तेही इतकं भंगार बोलून."

काका किल्ली काढत होते. थांबले.

"दिगंबर, तुझी काकू होती तोवर माझं प्रत्येक वाक्य खोडायची. भाजीत मीठ कमी म्हटलं तरी भांडायची. ती गेली आणि या घरात मला कुणी नाही म्हणेना. काहीही बोल, भिंती गप्प. मी तुला स्वातंत्र्य स्वातंत्र्य म्हणून ऐकवत होतो ना? अरे, अडवणारं कुणी नसलं की माणूस किती मोकळा होतो ते मला विचार. ते मोकळेपण खायला उठतं." त्यांनी किल्ली मुठीत धरली. "जगात एकच माणूस उरला होता मला गलत म्हणणारा. तो गप्प होऊन कसं चाललं असतं?"

त्यांनी कुलपाला किल्ली लावली.

तेवढ्यात गल्लीच्या त्या टोकाकडून, हबीबभाईंच्या खिडकीतून, अडखळत पण खणखणीत आवाज आला. रझियाभाभी दलियाचा घास भरवत असाव्यात.

"सरासर गलत!"

काकांनी किल्ली परत खिशात घातली. धोतर सावरलं, डोळे पुसले आणि जवळजवळ पळतच सुटले.

"चला, अध्यक्ष महाराज, चला! त्यांना मुद्दा विचारायचा राहिलाय!"